ताडोब्यातला एक दिवस: इंजिन बंद करा आणि ऐका

नमस्कार मंडळी!

मागच्या थंडीतली गोष्ट. मोहर्ली गेट, पहाटेची फेरी, अंगावर दोन स्वेटर आणि तरीही हुडहुडी. एका वळणावर आमच्या गाइडने हात वर केला. जिप्सी थांबली. तो दारावरून वाकून रस्त्याच्या फुफाट्याकडे बघायला लागला. तिथे वाघाचा पगमार्क होता. तो म्हणाला, "नीट बघा, ठसा चाकाच्या खुणेवर उमटलाय."

लक्षात आलं का? चाकाची खूण आपल्या पुढच्या गाडीची. तिच्यावर ठसा, म्हणजे ती गाडी गेल्यानंतर वाघ इथून चालत गेला. ठशाच्या कडा अजून ढासळल्या नव्हत्या, त्यावर एखादं पान नाही, किड्याची रेघ नाही. आणि नखं उमटलेली नाहीत. वाघ चालताना नखं आत घेतो. रानकुत्र्याच्या पायाची नखं मात्र मातीत दिसतात.

तेवढ्यात मागून दुसरी जिप्सी आली. "दिसला का?" "नाही." ती गेली भरधाव, त्या ठशावरूनच. पगमार्क पुसला. मला फार वाईट वाटलं, खरं सांगतो. आजचा व्हिडिओ मी त्या पुसलेल्या ठशासाठी करतोय.

थोडं आधी ठिकाणाबद्दल. ताडोबा चंद्रपूर जिल्ह्यात. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं हे महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. अंधारी अभयारण्य १९८६ चं, आणि दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला १९९५ मध्ये. नाव तारू या देवावरून पडलं. तारू हा इथल्या गावाचा प्रमुख, वाघाशी झुंजताना गेला, अशी गोंड लोकांची कथा. ताडोबा तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे आणि पौषात तिथे जत्रा भरत आली आहे.

जंगल शुष्क पानगळीचं. साग, ऐन, बिजा, धावडा, आणि जिकडेतिकडे बांबू. ऐनाचं खोड एकदा जवळून बघाच, मगरीच्या पाठीसारखी चौकोनी खवल्यांची साल. खरी मगर बघायची तर तलावावर. हिवाळ्यात ती काठावर ऊन खात पडलेली असते आणि दहा मिनिटं बघितलं तरी तिचं लाकूडच वाटतं.

आता मुद्द्याचं. जंगलात डोळ्यांच्या आधी कानांना काम द्या. गाइड लोक ज्याला 'कॉल' म्हणतात, तो धोक्याचा इशारा. पण सगळे कॉल सारखे नसतात.

चितळ तीव्र आवाजात ओरडतं, शेपटी वर करून, तिचा पांढरा भाग दाखवत. पण चितळ भित्रं, खात्री नसतानाही ओरडतं. वानराचं वजन त्याहून जास्त, कारण ते झाडाच्या शेंड्यावर बसलेलं असतं आणि त्याला खरंच दिसतं. या दोघांची जोडी बघायला मला फार आवडते. वानरं वरून पाला, फळं खाली टाकतात, चितळं खाली वेचतात. वरच्याची नजर, खालच्याचं नाक. भेकर कुत्र्यासारखं भुंकतं, नवख्या माणसाला वाटतं जवळ गाव आहे.

आणि सांबर. सांबर उगाच ओरडत नाही. एकच "ढाँक!", मग शांतता, मग पुन्हा "ढाँक!" त्यावर अनुभवी ड्रायव्हरसुद्धा किल्ली फिरवतो आणि गाडी बंद करतो.

त्या सकाळी तेच झालं. पलीकडे बांबूच्या बेटाजवळ एक मादी सांबर उभी होती. दोन्ही कान एकाच दिशेला, शेपटी ताठ. पुढचा एक पाय तिने जमिनीवर आपटला. धप्प. नाक वर. आम्हाला वाघ दिसत नव्हता, मध्ये बांबू. पण सांबराचं तोंड वळत होतं, अगदी सावकाश, डावीकडून उजवीकडे. वाघ बांबूआड चालत होता आणि तो नेमका कुठे पोचलाय, ते आम्ही तिच्या तोंडावरून वाचत होतो. पाच मिनिटं. मग तिने कान सोडले आणि मान खाली घालून चरायला लागली. गाइड म्हणाला, "गेला नाल्यात."

एरवी रस्त्यावर वाघ दिसतो तेव्हा तो कुठून आला, कुठे निघाला, हे आपल्याला काहीच कळत नाही. त्या दिवशी ते सगळं कळलं.

दुपारची वेळ दोन फेऱ्यांमधली. पोटभर झुणका-भाकर खा, थोडं लवंडा. आणि फेरीत असताना जंगलातल्या रस्त्यावरचे दगडी खांब चुकवू नका. मोहर्लीकडून ताडोबा तलावाकडे जाताना कडेला उभे आहेत. गोंड राजांच्या काळातले, वरच्या बाजूला भोकं. त्यातून दोर ओवून निरोपासाठी घंटा वाजवत, असं सांगतात. वेळ असेल तर चंद्रपूर शहरातला गोंड राजांचा परकोट आणि जटपुरा दरवाजाही बघा.

व्यवहाराचं भरभर सांगतो. मंगळवारी उद्यान बंद. पावसाळ्यात कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो. बुकिंग ऑनलाइन, आणि ओळखपत्र मूळ लागतं. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर जनावरं दिसतात, पण चंद्रपूरचं ऊन ४५ अंशांच्या पुढे जातं. लहान मुलं, म्हातारी माणसं असतील तर हिवाळाच बरा. कपडे मातीच्या रंगाचे घाला, अत्तर लावू नका.

आणखी एक. आपले गाइड बफरमधल्या, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यातल्या, गावांचे. हे कान त्यांनी सफारीसाठी कमावलेले नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये मोह गळतो, तेव्हा त्यांच्या घरच्या बाया पहाटे टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. आपण जिप्सीत बसतो त्याच वेळेला. एकमेकींशी मोठ्याने बोलत, घोळक्याने. मोहाच्या फुलांवर अस्वलही येतं, आणि वाघ बफरमध्येही आहेत. या जिल्ह्यात वाघाच्या हल्ल्यात माणसं गेली आहेत, जातात. सांबर ओरडलं की आपण कॅमेरा उचलतो. त्या बाया अर्धी भरलेली टोपली उचलून घराकडे निघतात.

म्हणून गेटवर गाइडशी पहिलं बोलणं होईल ना, तेव्हा "वाघ दाखवाल ना?" असं विचारू नका. त्या एका प्रश्नाने त्याची सगळी सकाळ पळापळीत जाते. त्याऐवजी म्हणा, "दादा, आम्हाला घाई नाही. कॉल आला की थांबवा." ताई असतील तर ताई म्हणा, मोहर्लीला बाईगाइडही आहेत. आणि ठसा दिसला तर ड्रायव्हरला सांगा, गाडी जरा कडेने घ्या.