झेंडूच्या पाकळ्या

(दादर फूलबाजार, पहाट)

पहाटेचे साडेचार. दादर स्टेशनाबाहेर टेम्पो लागलेत, झेंडूची पोती उतरतायत. रस्त्यावर पिवळा दिवा, गाळ्यात पांढरी एलईडी पट्टी. एकाच ढिगावर दोन रंगांचा उजेड.

कॅमेऱ्याने जागच्या जागी बनवलेली ही जेपेग, म्हणजे तयार फोटोफाइल. ढीग नीट बघा. फुलं मोजता येतात, पाकळ्या नाहीत. झेंडूचा केशरी जेपेगच्या नेहमीच्या रंगचौकटीत मावत नाही. लाल रंगाचा थर (चॅनेल) काठोकाठ भरतो आणि पाकळीपाकळीतला फरक सपाट होतो. तिथे एका रंगाला 256 पायऱ्या. 14 बिटच्या रॉ फाइलमध्ये, म्हणजे सेन्सरने टिपलेल्या कच्च्या नोंदीत, 16,384. पाकळ्या आहेत, फक्त बाहेर काढायला हव्यात.

(परळची खोली. पडद्यावर फोटो, 200 टक्के)

सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलला एकच रंग दिसतो. चारांत दोन हिरवे, एक लाल, एक निळा. ही मांडणी कोडॅकच्या ब्राइस बेयर यांची, पेटंट 1976 चं. उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून ताडावे लागतात आणि सॉफ्टवेअरचं खरं कसब इथेच लागतं. रॉथेरपी या रॉ फाइल उघडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ही ताडायची पद्धत आपण स्वतः निवडतो. ही अमेझ नावाच्या पद्धतीने काढलेली कड. पाकळीची चुणी न् चुणी सुटी झाली आहे.

आता डार्कटेबल, रॉ फाइलवर काम करणारं दुसरं सॉफ्टवेअर. पिवळ्या दिव्याखालच्या ढिगावर एक मास्क (बदल तेवढ्याच भागापुरता ठेवणारं आवरण), एलईडीखालच्या परड्यांवर दुसरा. उजेडानुसार रंग जुळवणारं कलर कॅलिब्रेशन दोनदा लावलं, प्रत्येक उजेडाला वेगळं. फुलं विकणाऱ्या मावशींच्या हाताचा रंग आत्ता कुठे हातासारखा दिसतोय. केलेला प्रत्येक बदल मूळ फोटोशेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहिला जातो. मूळ फोटोला धक्काही नाही.

दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत, एक रुपया लागत नाही. सॉफ्टवेअरच्या महिन्याच्या हप्त्यासाठी काम मागे ठेवणाऱ्या प्रत्येक नव्या फोटोग्राफरला हे कुणीतरी सांगायलाच हवं.

हप्त्यावर मिळणारं अडोबीचं लाइटरूम वेगवान आहे, हे मान्य. लग्नाचे हजार फोटो एका रात्रीत निवडायचे तर त्याचा कॅटलॉग हाताला पटकन बसतो, आणि अंधारातल्या फोटोंचा दाणेदारपणा काढण्यात त्याचं 2023 पासूनचं एआय डीनॉइज फार चांगलं आहे. पण एकदाच पैसे मोजून कायमचं घेता येणारं शेवटचं लाइटरूम 2015 चं, सहावं. आता हप्ता थांबला की फोटोवर काम करायचा डेव्हलप विभाग बंद. कॅप्चर वन हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर अजूनही एकरकमी मिळतं, महाग आहे.

सॉफ्टवेअर बदललं की जुन्या फोटोंवर केलेले बहुतेक बदल नव्याने करावे लागतात, हेही खरं.

(पुन्हा बाजार. उजाडलं आहे)

बारा बाय अठराची प्रिंट. मावशींनी हात पदराला पुसले, मग ती घेतली.