खजिन्याचं वजन

मित्रांनो, तुम्ही खेळता त्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या काल्पनिक जगात पात्रं होऊन खेळायच्या खेळाच्या नियमांत सोन्याचं, चांदीचं, तांब्याचं, सगळी नाणी एकाच वजनाची. पन्नास नाण्यांचा एक पौंड, म्हणजे नाणं साधारण ९ ग्रॅमचं. दहा तांब्याची म्हणजे एक चांदीचं, दहा चांदीची म्हणजे एक सोन्याचं. हिशेबाला हे सोपं पडतं, आणि खेळ रेंगाळू नये म्हणून ते सोपं ठेवलंय हे मला मान्य आहे. पण आता तुम्ही स्वतःचं जग रचताय. नकाशे काढताय, राजघराण्यांच्या वंशावळी लिहिताय. मग त्या राज्यातलं नाणंही तराजूत घालून ठरवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

अकबराच्या काळचा हिशेब घेऊ. चांदीचा रुपया साडेअकरा ग्रॅमच्या आसपास. सोन्याची गोल मोहोर ११ ग्रॅमच्या आसपास, किंमत ९ रुपये. तांब्याचा दाम २० ग्रॅमहून थोडा जड, आणि ४० दामांचा रुपया. आता तुमच्या टोळीला हजार रुपयांचा खजिना सापडला असं धरा. मोहरांत असेल तर १११ मोहरा, वजन सव्वा किलो. कमरेच्या थैलीत घालून घोड्यावर बसा. रुपयांत असेल तर साडेअकरा किलो. एक माणूस खांद्यावर घेईल, पण घेऊन पळताना त्याची दमछाक होईल. आणि दामांत असेल तर? चाळीस हजार दाम, आठ क्विंटलांहून जास्त! बैलगाडी आणा, बैल आणा, गाडीवान आणा, आणि तो गाडीवान गावात जाऊन काय बोलेल याची काळजी करा. माझ्या मते इथे एक अख्खी मोहीम उभी राहते.

यात एक गंमत आहे. सोन्या-चांदीचं प्रमाण तुमच्या नियमांत फारसं चुकलेलं नाही. एकास दहाच्या जवळपासच आहे ते. बिघडलंय ते तांब्याशी. अकबराच्या रुपयाला चांदीच्या सत्तरपट तांबं मोजावं लागे, तुमच्या खेळात फक्त दहापट. म्हणून तुमचं तांब्याचं नाणं उगाच महाग झालंय, आणि बाजारातल्या किरकोळ देण्याघेण्याला जागाच उरलेली नाही.

आकाराकडेही बघा. सोनं चांदीपेक्षा जवळपास दुप्पट घन, त्यामुळे सोन्याचं नाणं मोठं लागत नाही. शिवाजी महाराजांचा होन पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, अगदी चिमुकला. उलट ही शिवराई, पुढे फिरवतोय, प्रत्येकाने तळहातावर घ्या. तांब्याचा जाड तुकडा, कडा वेड्यावाकड्या. ठशापेक्षा तुकडा लहान, म्हणून 'श्री राजा शिव' पूर्ण उमटलेलं क्वचितच सापडतं. याच्यावर 'श्री' अर्धी कापली गेलीय. आणि नाणं गोलच असलं पाहिजे असंही नाही. आदिलशाहीची लारी म्हणजे चांदीची तार मधोमध दुमडून वर अक्षरांचा ठसा मारलेला, केसांच्या आकड्यासारखी.

दोन राज्यांच्या चलनाचं उदाहरण तर आपल्या सोलापूरच्या दारातच होतं. १९४८ पर्यंत नळदुर्ग, तुळजापूर निजामाकडे. तिकडे निजामाचा हाली सिक्का, इकडे इंग्रज सरकारचा कलदार रुपया. जुना कलदार रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, त्यात बारा भागांत अकरा भाग चांदी. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, चांदी ८१.८ टक्के. निव्वळ चांदी काढा: कलदारात १०.६९ ग्रॅम, हालीत ९.१४. आणि सरकारी दर काय होता? सहा कलदारांना सात हाली. भागून बघा, तो दर त्या चांदीतूनच येतो! तुमच्या दोन राज्यांमधला दर असाच काढा, मनाने ठरवू नका. मग सीमेवर एक सराफ बसवा. तो नाणं वाजवेल, घासेल, तोलेल, आणि वर आपला बट्टा, म्हणजे नाणं बदलून देण्याची कपात, कापून घेईल.

पुढे राजा लढाईत अडकला की टाकसाळीत चांदी कमी करून तांबं वाढवा, वजन आणि रुंदी तीच ठेवा. खेळाडूंना काही सांगू नका. तांबं चांदीपेक्षा हलकं, त्यामुळे नवं नाणं किंचित जाड निघेल. एकाएकाला हातात घेऊन कळणार नाही, पण चांदी निम्म्यावर आली असेल, तर शंभर नाण्यांची चळत जुन्या चळतीशेजारी लावणाऱ्याला फरक उघड दिसेल. ज्या खेळाडूला हे सुचेल, त्याला राजाची तिजोरी रिकामी झाल्याची बातमी सगळ्यांच्या आधी मिळू द्या.