जुनं कर्नल आहे तिथेच आहे

माईक चालू आहे ना? हां. तर पत्रिकेत विषय छापलाय 'अपडेटनंतर लिनक्स सुरू होत नसेल तर', पण आधी आमच्या वेंगुर्ल्याच्या काकीचं सांगतो, पाच मिनिटं फक्त, मग विषयावर येतो, शप्पथ.

काकी आगळ, कोकम सरबत, फणसपोळी विकते, लेबलं लॅपटॉपवर करते. त्यावर विंडोज रांगायचं म्हणून मीच उबुंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, टाकून दिलं होतं. मे महिना, चाकरमानी आलेले, ऑर्डरी पडलेल्या, आणि हिने अपडेट दाबलं, रीस्टार्ट केलं, तर काळ्या स्क्रीनवर नुसती पांढरी अक्षरं. मला फोन, "मेल्या, तुझो लॅपटॉप बंद पडलो, कायतरी पॅनिक म्हणता!" मी म्हटलं, काकी, पॅनिक त्याला होऊ दे, तू नको होऊ. तुम्ही हसताय, ती नव्हती हसली.

मी पोचेपर्यंत लॅपटॉप बाजारात दुरुस्तीवाल्याकडे, आणि त्याने न बघताच सांगितलेलं, फॉरमॅट मारावा लागेल. माझं दुखणं हे आहे बघा! पंपाने पाणी ओढलं नाही तर आपण फूटव्हॉल्व बघतो, पंपात पाणी भरून बघतो, विहीर बुजवत नाही. पण कंप्युटर म्हटला की पहिला उपाय विहीर बुजवायची, त्यात काकीच्या चार वर्षांच्या गिऱ्हाइकांची यादी गेली तरी चालेल. तो म्हणतो डिस्क गेली. मी तिथेच काउंटरवर चालू करताना शिफ्ट दाबून धरलं, ग्रबचा, म्हणजे सुरुवातीला काय चालू करायचं ते विचारणाऱ्या प्रोग्रामचा, मेनू आला, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आधीचं कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, निवडलं, लॅपटॉपने पासवर्ड मागितला (तो काकीलाच पाठ) आणि दोन मिनिटांत लेबलं समोर. नवं कर्नल आलं म्हणून जुनं लगेच पुसलं जात नाही हो, फेडोरा हा लिनक्सचा दुसरा प्रकार तर सांगितल्याशिवायही तीन ठेवतं.

काय? दहाच मिनिटं? बरं, पटापट.

यूईएफआयवाल्या, म्हणजे नव्या पद्धतीने चालू होणाऱ्या, मशीनला शिफ्टऐवजी एस्केप, पण एकदाच, सारखं बडवलंत तर मेनू जाऊन नुसता ग्रबचा प्रॉम्प्ट, म्हणजे हुकूम टाइप करायची ओळ, येतो. 'व्हीएफएस, अनेबल टू माउंट रूट एफएस' दिसलं तर बहुतेक वेळा इनिटरॅमएफएस, म्हणजे चालू होताना लागणारं ड्रायव्हरांचं गाठोडं, बनलेलं नसतं किंवा अर्धवट असतं, म्हणजे डिस्कपर्यंत पोचायचे ड्रायव्हरच कर्नलला मिळत नाहीत, डिस्क ठणठणीत असते. का नाही बनलं? मध्येच लाइट गेली असेल, नाहीतर बूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा, भरलं असेल. जुन्या कर्नलमधून टर्मिनलमध्ये 'डीएफ' मारून किती जागा भरलीय ते बघा, भरलं असेल तर 'ऑटोरिमूव्ह'ने फालतू कर्नल काढा, चालू आहे ते 'यूनेम'ने बघून त्याला हात लावू नका, मग 'अपडेट इनिटरॅमएफएस' नव्या कर्नलचा नंबर देऊन, मग 'अपडेट ग्रब'. मेनूत जुनं कर्नलच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्ह, म्हणजे त्यावरचंच लिनक्स चालू करा, आणि 'सीएचरूट'ने डिस्कवरच्या लिनक्समध्ये शिरून हेच करा.

काकीकडे बूट भरलंच होतं. एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला पासवर्डचं कुलूप, लावताना ते पार्टिशन हाताने, एवढंसं, मीच केलं होतं. हे त्या दुरुस्तीवाल्याला मी अजून सांगितलेलं नाही.

एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्डवाले राहिले, त्यांचं दुखणं वेगळं, ड्रायव्हरचं मॉड्यूल नव्या कर्नलसाठी बनत नाही, त्यांनी चहाला मला गाठा.