लॅटिन नृत्ये : आधी ताल, मग पाऊल

श्रोतेहो, नमस्कार.

लॅटिन नृत्य म्हटले की स्पर्धेतील झगमगीत पोशाखांची जोडपी डोळ्यांसमोर येतात. सांबा, चा-चा-चा, रुंबा, पासो दोब्ले आणि जाइव्ह हे पाच प्रकार त्या स्पर्धांत मानले जातात. पण त्यांतल्या पासो दोब्लेचे नाते स्पेनशी आहे, आणि जाइव्ह अमेरिकेतील स्विंग या नृत्यातून घडला. म्हणूनच गिरक्यांकडे पाहण्याआधी ताल ऐकावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, आणि त्यासाठी क्यूबासारखी दुसरी जागा नाही.

तिथे क्लावे नावाच्या दोन गुळगुळीत लाकडी दांड्या वाजवतात. त्यांतली एक अर्धवट मिटलेल्या तळहातावर अलगद टेकवलेली असते, कारण ती घट्ट धरली तर नाद दबतो. बसल्या जागी आठ मात्रा मोजा आणि पहिलीवर, दुसरी-तिसरीच्या मधोमध, चौथीवर, सहावीवर आणि सातवीवर टाळी द्या. पूर्व क्यूबात वाढलेल्या ‘सोन’ या संगीताचा हा कणा आहे. यातली तिसरी टाळी अर्धी मात्रा उशिरा पडली, की तोच ठेका रुंबाचा होतो.

हा रुंबा हवाना आणि मातान्सास इथल्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकरी वस्त्यांत एकोणिसाव्या शतकात रुजला आणि ढोलांच्या जागी मालाची लाकडी खोकीही त्यात वाजत असत. याम्बू, ग्वाग्वांको आणि कोलुंबिया हे त्याचे तीन प्रकार. याम्बू संथ असतो. ग्वाग्वांकोत पुरुष अचानक झेप घेतल्यासारखा हावभाव करतो आणि स्त्री घागऱ्याचा घोळ पुढे ओढून तो चुकवते. कोलुंबिया परंपरेने एकट्या पुरुषाचा. युनेस्कोने 2016 मध्ये या रुंबाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिले. स्पर्धेतील ‘रुंबा’ मात्र सोन आणि बोलेरो या संथ प्रेमगीतांच्या प्रकाराजवळचा आहे, हे इथे स्पष्ट सांगायला हवे.

चा-चा-चाची जन्मकथा मला फार आवडते. व्हायोलिनवादक आणि संगीतकार एन्रिके होर्रीन यांच्या लक्षात आले, की दान्सोन-मांबो या क्यूबाच्या नृत्यसंगीतातील आडव्या लयीवर अनेकांची पावले अडखळतात. म्हणून 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी चाल ठळक मात्रांवर आणली, आणि नाचणाऱ्यांच्या तीन झटपट पावलांच्या जमिनीवर घासण्याच्या आवाजावरून प्रकाराला नाव मिळाले.

डोमिनिकन प्रजासत्ताकातील मेरेंगेत प्रत्येक मात्रेवर एक पाऊल पडते, म्हणून नवख्याने तिथून आरंभ करावा. तिथल्याच बचातात तीन पावलांनंतर चौथ्या मात्रेवर पाय नुसता टेकवतात किंवा कंबरेला हलका झोका देतात.

साल्सा हे नाव मात्र 1960 आणि 70 च्या दशकांत न्यूयॉर्कमध्ये रूढ झाले; क्यूबाच्या तालांना तिथल्या पोर्तोरिकी आणि इतर कलावंतांनी नवे रूप दिले. आठ मात्रांत सहा पावले पडतात, चौथी आणि आठवी मोकळी राहते. दिशा बदलणारे पाऊल काही जण पहिल्या मात्रेवर टाकतात, तर न्यूयॉर्कच्या शैलीत ते दुसऱ्या मात्रेवर पडते.