वस्तरा हातात, लॉक पायात

नमस्कार मंडळी. आज आपण सलूनमध्ये आलोय, पण आरशाकडे बघायचं नाहीये, खाली बघायचंय, एकदम फरशीजवळ, जिथे कापलेले केस पडलेले असतात आणि कारागिराची चप्पल दिसते. तिथे खुर्चीच्या बुडातून एक लोखंडी दांडी बाहेर आलेली दिसतेय का? कोणी तिला पायडल म्हणतं, कोणी सरळ पंप म्हणतं, खुर्ची वर-खाली करायची ती यानेच. काही खुर्च्यांना मागच्या बाजूला अजून एक छोटं पायडल असतं, खुर्चीची पाठ खाली घ्यायची आणि पाहिजे तिथे अडकवून टाकायची, त्याच्यासाठी. आपण रोज त्या पाठीवर मान टेकवून डोळे मिटतो आणि हे खालचं काम कधी बघतच नाही, म्हणून आजचा अख्खा व्हिडिओ या दोन पायडलांवर, आधी पाठीचं, मग पंपाचं.

पहिला प्रश्न, पायच का?

दाढी चालू असताना कारागिराचे हात नीट बघा. एका हातात वस्तरा. दुसऱ्या हाताची बोटं गालाची कातडी ताणून धरतायत, कारण कातडी सैल राहिली की पातं अडखळतं आणि चिरतं. दोन्ही हात ओले, बोटांना फेस. आता गालाचं झालं, हनुवटीखाली जायचंय, तर मान अजून थोडी मागे हवी. खटका हाताचा असेल तर वस्तरा खाली ठेवा, हात पुसा, वाकून खटका शोधा, ओढा, दुसऱ्या हाताने पाठ सांभाळत खाली घ्या, परत हात धुवा, तोवर गालावरचा फेस वाळायला लागलेला. आणि हे दिवसभर, प्रत्येक दाढीला. पायाचा खटका असेल तर वस्तरा बाजूला धरायचा, रिकाम्या हाताचं मनगट पाठीला लावायचं, पायाने दाबायचं, पाठ खाली, पाय उचलायचा, झालं. बोटं कुठे लावावी लागत नाहीत.

आता खुर्ची उलटी करून बघू. पाठ एका आडव्या पिनवर फिरते, बैठकीच्या मागच्या टोकाला, साधारण बसणाऱ्याच्या कमरेच्या सांध्याजवळ. ती पिन तिथेच असणं फार महत्त्वाचं आहे, कारण ती चुकीच्या जागी असली तर पाठ खाली जाताना माणूस तिच्यावरून घसरतो, शर्ट वर सरकतो आणि डोकं हेडरेस्ट सोडून भलतीकडेच जातं. पाठीच्या खालच्या टोकापासून एक पट्टी पुढे येते आणि पायाच्या आधाराला जोडलेली असते, म्हणजे पाठ खाली गेली की पोटऱ्या आपोआप वर येतात. एकच हालचाल, दोन टोकं. बसणाऱ्याचं वजन पिनच्या दोन्ही बाजूंना बऱ्यापैकी वाटलं जातं, म्हणून किरकोळ अंगाचा कारागीरसुद्धा चांगल्या दणकट माणसाला सहज आडवा करू शकतो.

आणि लॉक? बैठकीखाली एक वक्र पट्टी असते, तिला खाचा पाडलेल्या असतात, आणि त्या खाचेत एक खिट्टी बसते. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्रे, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके, असतात ना, त्याच जातीचं काम, पण एक फरक आहे. फ्रीव्हीलचे कुत्रे एकाच दिशेला अडवतात, इथे दोन्ही दिशांना अडवायचं असतं, पाठ खालीही जायला नको आणि गिऱ्हाईक शिंकलं तर झटक्यात वरही यायला नको, म्हणून खाच तिरपी नाही, दोन्ही बाजूंनी सरळ भिंतीची. खिट्टीमागे एक स्प्रिंग असते, ती खिट्टीला सतत आत ढकलत राहते. पायडल दाबलं की एक सळई खिट्टीला ओढून बाहेर काढते, पाठ मोकळी. पाय उचलला की स्प्रिंग खिट्टीला परत आत ढकलते, पुढची खाच आली की खट्, बसली.

मला या सगळ्या यंत्रात सगळ्यात जास्त आवडते ती हीच गोष्ट. धरून ठेवायचं काम स्प्रिंगचं आणि सोडायचं काम पायाचं. उलटं करता आलं असतं, म्हणजे पाय दाबून ठेवला तोवर लॉक आणि पाय काढला की मोकळं, बनवायला तेही काही अवघड नाही. पण मग कारागिराचा पाय ओल्या फरशीवर घसरला, किंवा कोणी हाक मारली आणि तो अर्धा वळला, की पाठ धाडकन खाली. आणि त्या क्षणी वस्तरा कुठे आहे? गळ्यावर. इथे काहीही गडबड झाली तरी खुर्ची जागच्या जागी थांबते. ज्यांनी हे असं उभं केलं त्यांनी दाढी करणाऱ्याच्या बाजूला उभं राहून विचार केला होता, हे दिसतं.

खाचांच्या लॉकला एक अडचण मात्र आहे, पाठ खाचेखाचेनेच थांबते, दोन खाचांच्या मधला कोन हवा असेल तर मिळत नाही. म्हणून काही कारखान्यांनी घर्षणाचं लॉक केलं, दोन पट्ट्या एकमेकींवर आवळायच्या, कुठेही थांबवा. ऐकायला छान आहे, पण सलूनमध्ये तेल असतं. आपल्याकडे तर चंपी असते, खोबरेल असतं, आणि पट्ट्यांच्या मधे तेल गेलं की पकड गेली. खाच तेलाला घाबरत नाही.

आता थोडं मागे जाऊ, कारण ही खुर्ची आली अमेरिकेतून. एकोणिसाव्या शतकात तिथले न्हावी लाकडी खुर्चीवर दाढी करायचे, डोकं टेकवायला मागे आधार आणि पाय ठेवायला वेगळं स्टूल. 1870 च्या दशकात आर्चर नावाच्या कंपनीने पाठ मागे जाणारी, स्टूल वगैरे सगळं एकत्र असलेली खुर्ची बाजारात आणली. त्यानंतर सिनसिनाटीच्या युजीन बर्निंगहाउसने मागे जाणारी आणि शिवाय गोल फिरणारी खुर्ची केली, तिचं नाव पॅरागॉन. शिकागोत थिओडोर कॉक्सचा कारखाना होता. आणि सेंट लुईसमध्ये अर्नेस्ट कोकेन, ज्याने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर वर उचलली जाणारी, खुर्ची आणली आणि मग बाजूला एकच दांडा दिला, त्या एकाच दांड्याने खुर्ची वर, खाली, पाठ मागे, फिरणं बंद, सगळं. या लोकांमध्ये तेव्हा पेटंटची अक्षरशः शर्यत चालली होती, कोणी खटका हातात देतोय, कोणी पायात, कोणी पाठ सोडायला एक आणि फिरणं अडवायला दुसरं पायडल देतोय.

कोकेनचा दांडा देखणा आहे, त्यात वाद नाही, आणि पुढे जगभर हाताच्या दांड्याचीच चाल पडली. तरी दाढीपुरतं बोलायचं तर माझं मत पायाच्याच बाजूने आहे, कारण मगाशी सांगितलं तेच, फेसाने माखलेला हात.

इथे दातांच्या डॉक्टरांचंही नाव घ्यायला पाहिजे. त्यांची अडचण हीच होती, माणूस आडवा, तोंड उघडं, आणि दोन्ही हात कामात. बाल्टिमोरच्या बेसिल विल्करसनने 1877 मध्ये दातांसाठी हायड्रॉलिक खुर्ची केली होती, म्हणजे तेलाच्या दाबावर माणूस उचलायची कल्पना दाढीच्या खुर्चीआधीच दवाखान्यात पोचली होती.

तो तेलाचा दाब कसा चालतो ते आता बघू. बुडात तेलाची टाकी, त्यात एक छोटा पिस्टन, तो पायडलला जोडलेला, आणि मधोमध एक मोठा पिस्टन, त्याच्यावर अख्खी खुर्ची. समजा छोट्याचा व्यास 2 सेंटीमीटर आणि मोठ्याचा 5. मग मोठ्याचं क्षेत्रफळ सव्वासहा पट होतं. माणूस आणि खुर्चीचा वरचा भाग मिळून 125 किलो धरले तर छोट्या पिस्टनवर 20 किलोचा जोर पुरतो, आणि पायडलच्या दांडीची लांबी दुप्पट फायदा देत असेल तर पायाला लागतात फक्त 10 किलो. फुकट काही मिळत नाही अर्थात, छोटा पिस्टन 6 सेंटीमीटर खाली गेला तर खुर्ची जेमतेम एक सेंटीमीटर वर, म्हणून ते फस् फस् करत सात-आठ वेळा दाबावं लागतं. तेल परत मागे येऊ नये म्हणून वाटेत एक छोटी गोळी असते, तेल पुढे जाताना ती उचलली जाते आणि उलटं यायला लागलं की स्वतःच भोक बंद करते. खाली यायचं असेल तर पायडल पूर्ण दाबून धरा, ते दुसरी वाट उघडतं, तेल टाकीत परत. ती वाट मुद्दाम बारीक ठेवलेली असते म्हणून खुर्ची हळूहळू बसते. काही बेसमध्ये हेच पायडल ठराविक जागी ठेवलं की गोल फिरणंही लॉक होतं.

म्हणजे इथेही तोच नियम. धरून ठेवायला कोणालाही जोर लावायला लागत नाही, गोळी आणि तेल धरतात, पाय फक्त सांगतो कधी सोडायचं.

आणि बूड एवढं जड का? पाठ मागे गेली की डोकं आणि खांदे खुर्चीच्या बाहेर जातात, वजन मागे सरकतं, बूड हलकं असेल तर अख्खी खुर्ची माणसासकट मागे कलंडेल. म्हणून जुन्या अमेरिकन खुर्च्या बिडाच्या, वरून पांढरं एनॅमल, वजन शंभर किलोच्या आसपास आणि काही त्याहून बऱ्याच जास्त.

मग आला जिलेट. 1904 मध्ये त्याला सेफ्टी रेझरचं पेटंट मिळालं, पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांना लाखोंनी रेझर वाटले, आणि घरी परत आलेली माणसं आरशासमोर स्वतःची स्वतः दाढी करायला लागली. न्हाव्याकडे रोज दाढीला जायची सवय तिकडे कमी होत गेली, पाठ मागे नेणारी यंत्रणा मात्र खुर्चीत तशीच राहिली. पुढे 1950 च्या दशकात ओसाकाची ताकारा बेलमाँट अमेरिकेत उतरली, 1921 मध्ये ओतकामाचा कारखाना म्हणून सुरू झालेली कंपनी, आणि 1970 च्या सुमारास तिने कोकेनच विकत घेतली.

आपल्याकडे गोष्ट वेगळी. गावात धोकटी घेऊन येणारा माणूस उकिडवा बसायचा आणि गिऱ्हाईकही समोर उकिडवंच, वस्तरा, वाटीत पाणी, तुरटीचा खडा, संपलं. मान किती मागे हवी ते कारागिराच्या हातावर, हनुवटी धरायची आणि वर करायची. मग खुर्ची आली, आधी लाकडी, मागे दांड्यावर वरखाली होणारं हेडरेस्ट, ते एवढंच लॉक. उंची काही बदलायची नाही. लहान पोरगं आलं की खुर्चीच्या दोन हातांवर आडवी फळी टाकायची आणि त्याला वर बसवायचं, तुम्हीही बसला असाल त्या फळीवर. पंप नव्हता तेव्हा पंपाचं काम ती फळी करायची. मोठ्या माणसाला मात्र फळी नाही, तिथे कारागिरालाच वाकावं लागायचं, आणि दिवसाचे दहा-दहा तास वाकून उभं राहणाऱ्याची कंबर आणि पोटऱ्या काय म्हणतात ते कुठल्याही सलूनमध्ये संध्याकाळी विचारा.

म्हणूनच मला वाईट वाटतं जेव्हा नवीन सलून उघडताना खुर्चीचं रेक्झिन आणि क्रोम बघून खुर्ची घेतली जाते. बसणारा वीस मिनिटं बसतो. कारागीर वर्षानुवर्षं तिच्याभोवती उभा राहतो.

बिघाड कुठून सुरू होतो तेही सांगतो. खिट्टीचा शत्रू म्हणजे केस. बारीक कापलेले केस बैठकीखाली जातात, तेलात मिसळतात, त्याचा काळा चिकट लगदा होतो आणि तो खाचेच्या तळाशी बसतो. मग खिट्टी पूर्ण आत जात नाही, टोकावर टेकून राहते, वरून बघितलं तर लॉक झाल्यासारखं वाटतं, पण खिट्टी जेमतेम कडेवर असते. अशात कोणी जोरात मागे रेललं की खाचेची कड झिजते, आणि एकदा कड गोल झाली की ती खाच गेलीच. म्हणून महिन्यातून एकदा तरी बैठक उचलून जुन्या टूथब्रशने आणि थोड्या रॉकेलने खाचा साफ करायच्या, कोरडं पुसायचं, आणि जाड ग्रीस थापायचं नाही कारण ग्रीसला केस अजूनच चिकटतात. स्प्रिंग ढिली वाटली तर ताबडतोब बदला, स्वस्त असते. पंपाचं म्हणाल तर खुर्ची आपोआप खाली बसायला लागली की एकतर ऑइल सील गेलेलं असतं किंवा त्या गोळीखाली कचरा अडकलेला असतो. नुसतं तेल टाकून चार दिवस बरं वाटेल, परत तेच. पंप खोलून धुवायला लागतो.

नवीन खुर्ची घ्यायला गेलात तर दुकानात एवढं करा. सोबत चांगला वजनदार मित्र न्या, त्याला बसवा, पाठ पूर्ण खाली घ्या, पायडलवरून पाय काढा आणि पाठ दोन्ही हातांनी वरखाली हलवून बघा. किंचित खेळ चालतो, पण खटखट आवाज आला तर खिट्टी नीट बसत नाहीये. प्रत्येक खाचेवर असंच, कारण दुकानदार दाखवताना नेहमी एकाच खाचेवर दाखवतो. मग खुर्ची पूर्ण वर घ्या, मधल्या चकचकीत दांड्यावर बुडालगत पेनाने एक रेघ मारा आणि मित्राला पंधरा मिनिटं तसंच बसू द्या, तोवर तुम्ही चहा घ्या, भावाचं बोला. परत येऊन रेघ बघा. ती बुडात गेली असेल तर दुकानदार काहीही म्हणो, ती खुर्ची घेऊ नका.