शिड्या कधी काढायच्या

(मुरूडच्या वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार मंडळी. विषय पत्रिकेवर छापलेलाच आहे: सामूहिक अद्भुतकथेतल्या युद्धाची आखणी. पुढच्या रांगांत बसलेल्या मुलामुलींना रोलप्ले म्हणजे काय हे सांगायची गरज नाही, वेताळगडाचा वेढा कुठवर आलाय हे त्यांना तोंडपाठ आहे. त्यांच्या आईवडिलांसाठी दोन वाक्यं बोलतो. ही सगळी मिळून एक कथा लिहितात. प्रत्येकाचं एक पात्र. त्या पात्राने काय करायचं, काय बोलायचं ते त्यानेच लिहायचं, दुसऱ्याच्या पात्राला हात लावायचा नाही. मधोमध सूत्रधार, तो मी. तळकोकणात ज्यांनी दशावतार पाहिलाय त्यांना यात नवल वाटणार नाही. तिथेही लिहिलेली संहिता नसते. कथानक ठरलेलं असतं आणि राजा, राक्षस, नारद आपापले संवाद उभ्या उभ्या रचतात. पण तिथे राक्षस मरणार हे राक्षसालाही ठाऊक असतं. आमच्याकडे कोण जिंकणार हे कुणालाच ठाऊक नाही. म्हणून तर आखणी लागते.

उजव्या हाताला कोळीवाड्यातले काका आणि मावश्या बसल्या आहेत. त्यांना मी घरी जाऊन आमंत्रण दिलं, कारण आज जे सांगणार त्यातलं निम्मं त्यांच्या ओट्यावर बसून ऐकलेलं आहे. काका, कुठे चुकलो तर तिथल्या तिथे थांबवा.

आधी माझी तक्रार मांडतो, म्हणजे मन मोकळं होईल. कथा लिहिणारा प्रत्येक जण लढाईच्या दिवसावर जीव टाकतो. तलवारी, भाले, आग ओकणारे पक्षी, सगळं येतं. पण ‘राणीची फौज निघाली’ असं एका परिच्छेदात लिहितात आणि दुसऱ्या परिच्छेदात फौज गडाखाली उभी असते. मधली वाट कुठे गेली? ती माणसं जेवली काय? दहा हजारांची फौज धरा. माणशी दिवसाला किलोभर धान्य म्हटलं तरी रोजचं १० टन. बैलाच्या पाठीवर शंभरेक किलो लादता येतं, म्हणजे एका दिवसाच्या जेवणाला शंभर बैल. दहा दिवसांचा दाणागोटा घेऊन निघालात तर हजार बैल, त्यांचा कडबा वेगळा आणि घोड्यांचा चंदी-चारा त्याहून वेगळा. हजार बैल घाटाच्या एकेरी वाटेने उतरायला लागले की रांगेचं एक टोक पायथ्याशी आणि दुसरं अजून माथ्यावर असतं. आता सांगा, शत्रू हल्ला कुठे करेल? गडाखाली? छे! तो घाटातच करेल.

हा हिशेब रुक्ष वाटतो, असं पुष्कळ जण म्हणतात. मला तो मुळीच रुक्ष वाटत नाही. मी हा हिशेब गटापुढे मांडला तेव्हा एका मुलीने आपली तलवारबाज नायिका बाजूला ठेवली आणि धान्याच्या तांड्याची नाईकीण घेतली. तांडा दोन्ही बाजूंना धान्य विकतो. आज आमच्या कथेत त्या नाईकिणीशिवाय कुणाचं पान हलत नाही. राणीला तिच्या राहुटीत चालत जावं लागतं. हातात शस्त्र न घेता एवढा दरारा निर्माण झाला, तो फक्त कोण काय खातं हे कुणीतरी विचारलं म्हणून.

पाण्याचंही तेच. सिंधुदुर्गाच्या चारी बाजूंना खारं पाणी आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या विहिरी. आपल्या जंजिऱ्यात गोड्या पाण्याचे मोठे तलाव आहेत. म्हणजे बाहेर कितीही गलबतं उभी करा, आतला माणूस तहानेने शरण येणार नाही. किल्ला रचणाऱ्या मुलांना मी पहिला प्रश्न हाच विचारतो: विहीर कुठे खणली आहेस? बुरूज नंतर.

समुद्राकडे येऊ. आमच्या एका सेनापतीने ऐन श्रावणात शंभर जहाजं हाकारली होती. पावसाळ्यात इथे होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्याशिवाय कुणी दर्यावर जात नाही, हे त्याला इथेच वाढून सुचलं नाही! आज्ञापत्रात, म्हणजे रामचंद्रपंत अमात्यांच्या राजनीतीवरच्या ग्रंथात, आरमाराला राज्याचं स्वतंत्र अंग मानलं आहे आणि पावसाळ्यात आरमाराची छावणी कुठे नि कशी करावी याची चिंता केली आहे. त्याच आज्ञापत्रात जहाजांच्या लाकडाबद्दल लिहिलंय ते मुलांनो जरूर वाचा. आंबा-फणसाची झाडं रयतेने लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये, एखादं फार जीर्ण झालेलं झाड घ्यायचंच तर तेही जबरदस्तीने नव्हे, धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, असा त्याचा आशय आहे. युद्धाच्या आखणीत फणसाच्या झाडाच्या मालकाचं मन येतं! मला हे वाचून आजही भरून येतं. तुमच्या अद्भुत राज्यात शंभर जहाजं बांधायची असतील तर कुणाचे फणस पडले ते लिहा. पुढच्या बंडाचं बी तिथेच पडलेलं असतं.

आता भरती-ओहोटी. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. बरोबर ना काका? (मागून: ‘थोडं इकडंतिकडं.’) थोडं इकडंतिकडं. याचा लढाईशी संबंध असा. किल्ल्याच्या तटाला रात्री होडी लावायची तर पाणी हवं आणि अंधारही हवा. अमावस्येला मध्यरात्रीच्या सुमारास भरती आणि चंद्र नाही, दोन्ही मिळतं. पण ती उधाणाची भरती, पाण्याला ओढ जबर, होडी तटावर आपटायची भीती. अष्टमीला भांगाचं पाणी, म्हणजे लहान भरती, ओढ कमी. पण मध्यरात्री ओहोटी, खडक उघडे, आणि वद्य अष्टमी असेल तर त्याच वेळी चंद्र वर येतो. म्हणजे निर्धोक रात्र मिळतच नाही, कुठला धोका पत्करायचा तेवढं ठरवायचं. वाऱ्याचं गणित वेगळं: रात्री नि पहाटे जमिनीकडून मतलई, दुपारी समुद्राकडून खारा. पहाटे बाहेर पडा, दुपारी परता. उलट केलंत तर वल्ही मारून हात तुटतील.

आमच्या कथेच्या आकाशात दोन चंद्र आहेत. एका मुलाने ते निव्वळ छान दिसतात म्हणून टाकले होते. मी विचारलं, मग भरतीचं काय? त्या प्रश्नावर सगळा गट कागद-पेन्सिल घेऊन बसला. दोन्ही चंद्र एका रेषेत आले की उधाण भयंकर येणार, आडवे गेले की एकाची ओढ दुसरा खाणार. मोठ्या उधाणाची रात्र वर्षातून क्वचित येते आणि त्याच रात्री वेताळगडाच्या चोरदरवाजापर्यंत पाणी चढतं. वेढ्याची तारीख अशी ठरली. ती आकाशाने ठरवली, आणि ती शत्रूलाही मोजता येते! यातली गंमत ज्याला कळली त्याला युद्धकथा लिहिता येईल.

आता ज्यासाठी उभा राहिलो ते सांगतो. लाय पाटलांची हकिकत इथल्या लहान मुलालाही माहीत आहे, तरी मला ती माझ्या पद्धतीने सांगू द्या. बखरींतून आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या सांगण्यातून ती आपल्यापर्यंत आली. १६७६ च्या सुमाराची गोष्ट. मोरोपंत पेशवे फौज घेऊन जंजिऱ्यावर आले. समोर पद्मदुर्ग आपला, त्यावरचे लाय पाटील सोनकोळी. बेत असा ठरला की पाटलांनी रात्री होड्यांतून जाऊन तटाला शिड्या लावायच्या आणि मागून पंतांच्या धारकऱ्यांनी येऊन वर चढायचं.

डोळ्यांपुढे आणा. वर जंजिऱ्याचा सत्ताधीश सिद्दी, त्याचा पहारा, तोफा. खाली काळं पाणी, लाटेबरोबर होडी वर-खाली होतेय, आणि अशा होडीत उभं राहून शिडी तटाला टेकवायची, आवाज न करता. लाकूड दगडावर घासलं तरी संपलं. कोळ्यांशिवाय हे काम कुणाला जमणार? त्यांनी ते केलं. शिड्या लागल्या. आणि धारकरी आलेच नाहीत.

पाटील थांबले. प्रहर गेला, तरी कुणी नाही. कारण काहीही असो. अंधारात, समुद्रावर, दोन तुकड्यांची गाठ घालून देणं ही जगातली सर्वांत अवघड गोष्ट आहे. उजाडायची वेळ आली. आता त्या होडीत बसलेल्या माणसाने काय करायचं? शिड्या तशाच ठेवून परतलं तर सकाळी सिद्दीला सगळा बेत उमगणार. स्वतःच चढलं तर मूठभर कोळी आत कापले जाणार. आणखी थांबलं तर उजेडात तोफेच्या तोंडी. पाटलांनी शिड्या काढल्या, होडीत घातल्या आणि माणसं सुखरूप परत आणली.

मोहीम फसली. तरीही महाराजांनी पाटलांचा गौरव केला. पालखी देऊ केली. पाटील म्हणाले, आम्ही दर्यातली माणसं, आम्हाला पालखी काय कामाची? तेव्हा महाराजांनी एक गलबत बांधून दिलं आणि त्याचं नाव ठेवलं ‘पालखी’. लोक हा पालखीचा भाग रंगवून सांगतात, रंगवावाच असा आहे. मला मात्र शिड्या काढण्याचा क्षण सगळ्यात मोठा वाटतो. शिड्या लावायचा हुकूम वरून आला होता. काढायचा निर्णय होडीतल्या माणसाने घेतला, कुणाला विचारायची सोय नसताना. राजाने त्या निर्णयाचा मान राखला, हे राजाचं मोठेपण. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्या आखणीत शिड्या कधी काढायच्या ते लिहिलेलं नाही, ती आखणी अर्धीच आहे.

(अध्यक्षांकडून चिठ्ठी.) बरं. पाच मिनिटं. राजपुरीकडच्या मंडळींची शेवटची एसटी आहे, त्यांना अडकवणार नाही. मुंबईजवळच्या खांदेरी बेटाबद्दलही बोलायचं होतं, १६७९ साली इंग्रजांची मोठी जहाजं बेटाभोवती आणि आपल्या लहान होड्या रात्री वल्हवत, उथळ पाण्यातून बेटावर सामान पोचवतायत. वारा पडला की मोठं जहाज जागचं हलत नाही, वल्ह्याला वाऱ्याची गरज नाही. दुबळ्या बाजूने लिहिणाऱ्यांनी खांदेरीचा अभ्यास करावा, एवढंच म्हणतो.

प्रत्यक्ष लिहिताना काय करायचं ते भराभर सांगतो. १८२४ मध्ये प्रशियात राईसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने सैन्यासाठी नकाशावरचा युद्धखेळ बसवला. दोन बाजू एकमेकांचे डाव बघत नाहीत. हुकूम लिहून पंचाकडे द्यायचे आणि आपल्या तुकडीला जे दिसेल तेवढंच पंच सांगणार. आपला सूत्रधार त्या पंचाचाच वंशज. म्हणून यापुढे दोन्ही बाजूंचे हुकूम माझ्याकडे लेखी, बंद पाकिटात. आपसांत ‘तू जिंक, मग मी जिंकतो’ असं ठरवायचं नाही. आणि जासूद वाटेत किती वेळ घालवेल ते मी ठरवणार. तुमच्या सेनापतीला बातमी मिळेपर्यंत त्याने जुन्याच माहितीवर लढायचं. एकट्याने कादंबरी लिहिणाऱ्याला दोन्ही बाजू ठाऊकच असतात, त्याला न कळल्याचं सोंग आणावं लागतं. तुम्हाला आणावं लागत नाही. तुम्हाला खरोखरच ठाऊक नसतं. हे भाग्य मधल्या सुट्टीत एकमेकांना विचारून घालवू नका.

जादू: ती दारूगोळ्यासारखी मोजा. वारेवाली वारा बांधू शकते, ठीक. किती कोसांपर्यंत, किती घटका, आणि नंतर किती दिवस ती अंथरुणाला खिळते? ते हुकुमात आलं नाही तर वारा बांधला जाणार नाही.

हरण्याबद्दल. आपलं पात्र मरू नये असं प्रत्येकाला वाटतं आणि ते मला समजतं, जीव लावलेला असतो. पण माघार म्हणजे मरण नव्हे. प्रत्येक हुकुमाच्या शेवटी तीन गोष्टी मला हव्यात: खूण कोणती, कोणत्या घटकेपर्यंत वाट बघायची, आणि खूण दिसली नाही तर परतीचा निर्णय जागेवर कोण घेणार. तो निर्णय घेणाऱ्या माणसाचं नाव हवं. ‘सेनापती’ चालणार नाही, सेनापती किनाऱ्यावर आहे. होडीत कोण आहे त्याचं नाव लिहा, आणि ते पात्र ज्याचं आहे त्याला विचारूनच लिहा.

नीलखाडीवाल्यांची, म्हणजे वेताळगडाच्या विरुद्ध बाजूची, पाकिटं एकादशीपर्यंत, वेताळगडाची त्याच दिवशी. तांड्याच्या नाईकिणीचं पाकीट वेगळं, तिला दोन्ही बाजूंशी बोलायची मुभा आहे. भरतीचं कोष्टक काकांकडून तपासून घेतलंय, जाताना दाराशी ठेवलेल्या प्रतींतली एकेक घेऊन जा.