ड्रायव्हरच होता

गोव्यात, डिचोलीतला हा बांध. पलीकडं आमचं वायंगणाचं, म्हणजे हिवाळी भाताचं शेत. इथंच आजोबांच्या मागून जोत धरायला शिकलेला मुलगा म्हणजे माझा धाकटा काका.

१८ डिसेंबर १९६१. पहाटे पोर्तुगीजांनी डिचोलीचा पूल उडवला. भारतीय सैन्य दोडामार्गाच्या बाजूनं आत येत होतं. काका तेव्हा दहा वर्षांचा. वाड्यानं जवान पाहिले, यानं ट्रक पाहिले. पुढं खनिजाच्या ट्रकावर क्लीनर झाला, तिथंच स्टिअरिंग हाती आलं. पण मिरग लागला की हा घरी, चिखलात. मग सैन्याच्या सर्व्हिस कोअरमध्ये भरती झाला, शक्तिमान ट्रक चालवायला.

नोव्हेंबर १९७१ मधलं त्याचं पत्र आजीच्या पेटीत आहे. घरात बोलणं कोकणीतून, पत्रं मात्र मराठीत, ही आमच्याकडची जुनी रीत. 'तरवा (भाताची रोपं) वेळेवर घाला. पाटाच्या पाण्यावर लक्ष असू द्या.' बाकी सगळ्यांची खुशाली. बस्स.

३ डिसेंबरला युद्ध पेटलं. काका पाकिस्तानातल्या शकरगडच्या आघाडीवर. रात्रीच्या ताफ्यात हेडलाइट लावायचे नाहीत. पुढच्या ट्रकाच्या मागच्या चाकांमधला डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवलेला असतो, त्यावर एका बारक्या दिव्याचा उजेड पडतो. तेवढं पांढरं बघत रात्रभर चालवायचं. पाठीशी तोफगोळे, इंधनाची पिंपं. आखून दिलेल्या वाटेवरून चाक जरा घसरलं, की खाली सुरुंग. बसंतर नदीच्या काठी रणगाडे लढले, ते आपण अभिमानानं सांगतो. त्यांच्यापर्यंत गोळे कुणी पोचवले, हे विचारायचं राहून जातं.

अशाच एका खेपेत ट्रकावर गोळा पडला. काका वीस वर्षांचा होता.

१७ डिसेंबरला रात्री आठ वाजता तिकडचं युद्ध थांबलं. घरी तार आली ती त्यानंतर. तरवा काढणीला आला होता. त्या वर्षीची लावणी वाड्यावरच्या बायकांनी केली, मजुरी न घेता.

गावात कुणीतरी म्हणालं होतं, 'लढायला कुठं, ड्रायव्हरच होता तो.' आजीला तो 'च' फार लागला.

हा त्याचा फोटो. फ्रेम करणाऱ्यानं खाली 'वीर जवान' एवढंच लिहून आणलं होतं. आजीनं त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. जागा उरली नव्हती, म्हणून पुढचं अक्षर असं बारीक, काठाला चिकटून आलंय: 'ड्रायव्हर'.